वारा पाठीमागून येतो

आम्ही सातपूरहून बोलतोय. आमचा गट नऊ जणींचा. रिक्षाचे हूड, पावसाळी पडदे, सीटची कव्हरं, ताडपत्र्या असलं जाड कापडाचं शिवणकाम आम्ही करतो. ब्लाऊज-परकर शिवणाऱ्या बाया गावोगाव आहेत, पण रेक्झिनला आणि ताडपत्रीला बाई हात लावत नाही अशी लोकांची समजूत असते. आम्ही लावला, आणि त्यावर आमची घरं चालतात.

आज सांगायचंय ते एका वेगळ्याच वस्तूबद्दल. उघड्या टपाच्या गाडीत सीटच्या मागे एक जाळी बसवतात. तिला विंड डिफ्लेक्टर म्हणतात, म्हणजे वारा अडवणारी जाळी. तुम्ही म्हणाल, आम्हाला कुठे उघड्या टपाची गाडी घ्यायचीय? आम्हालाही नाही घ्यायची. पण ही जाळी शिवता शिवता आमच्याच जीपमधली एक गोष्ट आम्हाला कळली. ती कळेपर्यंत दोन हिवाळे गेले, आणि त्या दोन हिवाळ्यांत आमच्यातल्या एका बाईला आम्ही विनाकारण नाजूक ठरवून टाकलं होतं.

आमच्या एका ताईंच्या घरची जुनी डिझेल जीप आहे. वर कापडी हूड, मागे समोरासमोर दोन बाकडी. ताईंचे मालक चालवतात. कधी गिरणाऱ्याकडे जायचं, तिथे बागाईतदारांच्या फाटलेल्या ताडपत्र्या आणि बांधाच्या जाळ्या जागेवर शिवून द्यायच्या. कधी त्र्यंबकला रिक्षाचे हूड पोचवायचे. हूड पोचवायचे म्हणजे त्यांच्या लोखंडी कमानीही सोबत. त्या लांब असतात, जीपच्या मागून बाहेर येतात. म्हणून मागचा पडदा गुंडाळून वर बांधायचा आणि बाजूचे पडदे मात्र घट्ट लावायचे, कारण हिवाळ्यात पहाटे त्र्यंबकच्या रस्त्याला काय गारठा असतो ते तिकडच्या बायांना सांगायला नको.

मागच्या कडेला बसायच्या पेठच्या वहिनी. त्या गटात सगळ्यात नव्या. पेठ तालुक्यातून सातपूरला आल्या, म्हणून पेठच्या वहिनी. नवी बाई कडेला बसते, कमानी धरून ठेवते, असा आमच्याकडे न सांगता पडलेला रिवाज. तर झालं असं की महिरावणी ओलांडली की वहिनींचं डोकं ठणकायला लागायचं. तळेगाव येईपर्यंत मळमळ. त्र्यंबकला उतरल्या की पायरीवर बसून राहायच्या आणि अर्ध्या-पाऊण तासाने बऱ्या व्हायच्या. आम्ही म्हटलं, यांना गाडी लागते. लिंबू दिलं, आवळासुपारी दिली, रिकाम्या पोटी येऊ नका म्हणून सांगितलं. पुढे पुढे चिडायलाही लागलो. उन्हाळ्यात त्याच जीपमधून, त्याच जागी बसून वहिनी ठणठणीत यायच्या. त्यावरही आमच्याकडे उत्तर तयार होतं. म्हणायचो, थंडी सोसत नाही त्यांना.

दुसऱ्या हिवाळ्यात वहिनींनी बाहेरच्या कामाला यायचं सोडलं. आमच्यात जी हजर तिला वाटा, असा नियम. त्यांचा वाटा कापला जायचा. त्यांनी तोंडातून शब्द काढला नाही.

त्याच हिवाळ्यात एक तरुण मुलगा आमच्याकडे आला, हातात मोठं खोकं घेऊन. एमआयडीसीत नोकरी करणारा. त्याच्याकडे थार गाडी, कापडी टपाची. ही थार आपल्या नाशिकच्याच महिंद्राच्या कारखान्यात बनते. २०२० साली तिचं नवं रूप आलं, त्यात टप मागे दुमडता येईल असाही एक प्रकार होता. मुलगा म्हणाला, "मावशी, हे एवढं बसवून द्याल का?" खोक्यात एक काळी जाळी, पोलादी चौकट, दोन पट्टे. सात हजार दोनशे रुपयांना मागवलेली. ती जाळी परदेशातल्या दोन सीटच्या बुटक्या गाडीच्या मापाची होती. थारमध्ये ती दोन्ही बाजूंना वीत-वीत कमी पडत होती. बसते का बघायला त्याने एक पट्टा कापला होता, त्यामुळे दुकानदार परत घेईना.

आम्ही विचारलं, एवढा वारा लागतो तर टप लावून घे की! तो हसला. म्हणाला, दर सोमवारी आईला त्र्यंबकला नेतो, आईलाच टप उघडा लागतो. तिला अंजनेरी आणि ब्रह्मगिरी बघत जायचं असतं. पण तिची मान धरते, कान दुखतो. काच तर समोर आहे, मग मानेला वारा लागतो कुठून?

आम्हालाही ते कळेना. समोर एवढी काच असताना मानेला, म्हणजे पाठीमागून वारा कसा लागेल?

आमच्यातल्या एकीने युक्ती काढली. लोकरीचे वीतभर धागे घेतले. सीटच्या डोक्याला, मागच्या लोखंडी कमानीला, मागच्या सीटला असे जागोजागी बांधले. रविवारी एमआयडीसीचे रस्ते मोकळे असतात. मुलाने गाडी चालवली आणि आम्ही दोघी धागे बघत बसलो. हळू असताना धागे नुसते लोंबत होते. गाडी चाळीसच्या पुढे गेली आणि आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. काचेच्या वरच्या कडेला बांधलेले धागे मागे उडत होते, ते ठीकच. पण सीटच्या मागचे धागे पुढे उडत होते! गाडी पुढे चाललीय आणि तिच्या पोटातला वारा मागून पुढे येतोय.

घरी येऊन बोलत बसलो तेव्हा उलगडा झाला, आणि ही गोष्ट आपण सगळ्याजणी रोज बघतो. गोदावरीला पाणी असलं की खडकाच्या समोर पाणी आपटतं आणि खडकाच्या मागे उलटं फिरतं, पाचोळा तिथेच घुटमळत राहतो. जोराच्या वाऱ्यात भिंतीच्या आडोशाला पानं गोल गोल फिरतात. एसटीची मागची काच बघा. पुढची बरी स्वच्छ असते, मागची धुळीने माखलेली. धूळ तर चाकाखाली उडते, मग ती काचेवर कशी चढते? गाडी हवा कापत पुढे जाते तेव्हा तिच्या मागे पोकळी पडते, आणि ती भरायला मागची हवा वळून गाडीकडेच येते. उघड्या गाडीत तेच होतं. समोरची काच वारा वर उचलते, काचेमागे पोकळी पडते, वरून गेलेला वारा मागच्या बाजूला खाली उतरतो आणि वळून बसलेल्याच्या मानेवर येतो. म्हणून जाळी समोर लावून उपयोग नाही, ती पाठीमागेच हवी. मर्सिडीज कंपनीने १९८९ मध्ये आपल्या उघड्या एसएल गाडीसाठी अशी जाळी आणली होती. त्याआधी उघड्या गाडीतली मंडळी गळ्याला कापड गुंडाळून बसायची.

गळ्यातल्या कापडावरून एक सांगून टाकतो. १९२७ साली फ्रान्समधल्या नीस गावात इसाडोरा डंकन नावाची जगप्रसिद्ध नर्तकी उघड्या गाडीत बसली. तिच्या गळ्यातला लांब रेशमी पट्टा गाडीच्या चाकात गुंतला आणि त्यातच ती गेली. मोटारसायकलवर मागे बसताना आपली ओढणी, आपला पदर असाच लोंबत असतो. तो आधी खोचा, मग बसा.

आता कामाचं. जाळीच का, सरळ रेक्झिनचा पडदा का नाही, असं आम्हालाही वाटलं होतं. रेक्झिन आमच्या हातचं, शिवायला सोपं. पण आमच्यातल्या एकीचं माहेर द्राक्षाच्या पट्ट्यातलं. ती म्हणाली, बागेच्या बांधाला वारा अडवायला भिंत घालतो का आपण? शेवरी लावतो, सुरू लावतो, नाहीतर शेडनेट बांधतो. भिंत घातली तर वारा वरून उडी मारतो आणि पलीकडे जाऊन आणखी घुमतो. झाडांतून थोडा गाळून येतो, त्याचा जोर मोडतो, आणि झाडांच्या उंचीच्या दहापट लांबपर्यंत आडोसा मिळतो. गाडीतही तसंच. वारा पुरता बंद करायचा नाही, गाळायचा. शिवाय चालवणाऱ्याला आरशातून मागचं दिसलं पाहिजे.

शेडनेट दुकानात टक्क्यांवर मिळते, पस्तीस, पन्नास, पंचाहत्तर, नव्वद. जेवढे टक्के तेवढी सावली दाट. आमच्याकडे एका बागेच्या कामातली हिरवी पन्नासची उरली होती. म्हटलं, घरचीच आहे, लावून टाकू. आधी माप घेतलं. कमानीच्या डाव्या खांबापासून उजव्या खांबापर्यंत, वर आणि खाली वेगवेगळं, कारण खांब सरळ नसतात, वर जवळ येतात. फक्त वरचं माप घेऊन कापलं असतं तर परदेशी जाळीसारखंच आमचंही झालं असतं. उंची घेतली सीटच्या खालच्या फटीपासून डोकं टेकतो त्या उशीच्या वरच्या कडेपर्यंत.

शेडनेटची कड उसवते, म्हणून ती तिहेरी दुमडून वरून निवार पट्टी घातली. मशीनला अठरा नंबरची सुई आणि जाड पॉलिस्टरचा धागा. सुती धागा उन्हात चार महिन्यांत कुजतो, तो गाडीच्या कामाला वापरूच नका. चारही कोपऱ्यांना निवारीचे चार पदर आणि बकल.

वरून आणि खालून सळी घालायची की नाही यावर आमचं भांडण झालं. सळी घातली की जाळी ताठ राहते, दिसायलाही छान. पण अचानक ब्रेक लागला, धक्का बसला, तर डोक्यामागे मोकळी लोखंडी सळी कशाला? शेवटी सळी काढली आणि खांबाखांबाला पट्ट्यांनी ताणली, बाजेची दोरी ताणतो तशी. बाज विणता येणारीला हे काम शिकवावं लागत नाही. सैल जाळी फडफडते, तिचा आवाज होतो आणि पट्टाही लवकर तुटतो.

एक गोष्ट मात्र कोणाचंही न ऐकता पाळली. पट्टे सीटबेल्टला बांधायचे नाहीत, आणि बेल्ट जिथून बाहेर येतो तिथून न्यायचेही नाहीत. बेल्ट अडला तर जाळी नसलेली परवडली. आणि ही जाळी पुढच्या सीटच्या मागे येते, म्हणजे ती लावली की मागे कोणी बसायचं नाही. मुलाला हे आधीच सांगितलं. तो म्हणाला, आम्ही दोघंच असतो.

गाडीला भोक पाडायचं नाही, वेल्डिंग करायचं नाही हेही ठरलेलं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की नोंदणीच्या पुस्तकात गाडी जशी लिहिलीय तिच्यापेक्षा वेगळी होईल असा फेरफार मालकाला मनाने करता येत नाही. २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानेही ते पक्कं केलं. कापडी टपाच्या गाडीला लोखंडी टप बसवणारे यात सापडतात. आमची जाळी बांधायची आणि सोडायची, दोन मिनिटांचं काम, म्हणून आम्ही ती शिवतो. असंच काहीजण काचेला काळी फिल्म लावून द्या म्हणतात. ती २०१२ पासून बंद आहे. आम्ही हात जोडतो.

पहिल्या सोमवारी मुलगा आईला घेऊन गेला आणि रात्री परत आला. आईची मान बरी होती, पण कमरेला वारा लागला. खालून अर्ध्या हाताची फट राहिली होती, दोन सीटच्या मधली. वारा वरून येत नाहीसा झाला, तर तिथून घुसला. हे आम्हाला सुचायला हवं होतं. आणि दुसरी तक्रार मोठी होती. अंधार पडल्यावर मागच्या गाडीचा दिवा हिरव्या जाळीवर पसरायचा, आरशात सगळं हिरवट धुकं. त्याला दिसेनाच. हिरवा, पांढरा रंग प्रकाश उलटा फेकतो. काळा रंग गिळून टाकतो, म्हणून काळ्या जाळीतून पलीकडचं साफ दिसतं. परदेशी जाळी काळी होती ती फॅशन म्हणून नव्हे, हे तेव्हा समजलं.

घरचीच जाळी वापरू म्हणून दमड्या वाचवायला गेलो आणि दुसऱ्यांदा शिवावी लागली. हिशोब सांगतो, लपवत नाही. एक हजार आठशे रुपये ठरले होते. पहिल्यांदा पट्ट्या, बकल, धागा मिळून सहाशे चाळीस गेले. दुसऱ्यांदा काळी जाळी आणि खालची झालर धरून चारशे दहा. उरले साडेसातशे, दोघींचे तीन दिवस. रोजंदारीही सुटली नाही. पुढे त्याच मुलाच्या ओळखीने दोन जाळ्या आल्या, त्या बावीसशेने दिल्या आणि एकाच खेपेत बसल्या. कोणाला तयार जाळी विकत घ्यायची असेल तर आधी गाडीचं नाव, साल आणि टपाचा प्रकार विचारून घ्या, आपल्या गाडीत खांबापासून खांबापर्यंत टेप लावा, बिल ठेवा, आणि नीट बसेपर्यंत कात्रीला हात लावू नका. मुलाचे सात हजार दोनशे गेले ते गेलेच.

जाळीचं काम संपलं आणि आमची जी खरी गोष्ट आहे ती तिथून सुरू झाली.

एका संध्याकाळी मशीनवर बसलेली एकजण म्हणाली, "अगं, मग आपल्या जीपच्या मागे काय होत असेल?" मशीन थांबलं. बाजूचे पडदे घट्ट, पुढे काच, मागचा पडदा वर गुंडाळलेला. म्हणजे मागची पोकळी भरायला हवा येणार ती सरळ आतच. आणि जीपच्या मागे, खालच्या अंगाला काय असतं? सायलेन्सर.

उन्हाळ्यात वहिनींना काही होत नव्हतं, कारण तेव्हा बाजूचे पडदे वर असायचे आणि वारा आरपार जायचा. पावसाळ्यात मागचा पडदाही बंद असायचा. फक्त हिवाळ्यात बाजू बंद आणि मागचं तोंड उघडं. दोन वर्षं हे आमच्या डोळ्यांसमोर होतं आणि आम्ही आवळासुपारी देत होतो.

दुसऱ्याच दिवशी धागे बांधले. मागच्या कडेचे धागे आत, वहिनींच्या जागेकडे वळत होते. आम्हाला वाटलं, सापडलं! मागे काळी जाळी ताणून बांधली आणि आमच्यातली एक वहिनींच्या जागी बसली. वारा कमी झाला, छान उबदार वाटलं. आणि तळेगावला तिचंही डोकं चढलं.

इथे आम्ही चुकलो होतो, म्हणून हे नीट ऐका. जाळी वाऱ्याचा जोर मोडते, धूर अडवत नाही. उलट वारा मंदावला की आत आलेला धूर तिथेच रेंगाळतो. जाळी लावून निवांत झालो असतो तर आधीपेक्षा वाईट झालं असतं.

मग जीप मेकॅनिककडे नेली. त्याने इंजिन चालू ठेवून सायलेन्सरच्या जोडापाशी पांढरं फडकं धरलं. फडक्यावर काळा डाग. जोड फुटलेला. आणि शेपटाचा पाईप केव्हातरी तुटला होता, तो कोणीतरी आखूड कापून तसाच ठेवलेला. धूर गाडीच्या बाहेर पडायचाच नाही, बाकड्याच्या खालीच सुटायचा आणि मागून वळून आत यायचा. नोझलही खराब होते, म्हणून धूर काळा. डिझेलचे नोझल आपल्या सातपूरच्या बॉश कारखान्यात बनतात, जुनी माणसं अजून त्याला मायको म्हणतात. जगाला नोझल पुरवणाऱ्या गावात आम्ही खराब नोझलची जीप घेऊन हिंडत होतो.

जोड नवा केला, पाईप मागच्या कडेच्या बाहेर काढून बाजूला वळवला, नोझल साफ करून घेतले. मागचा पडदा आम्ही नव्याने शिवला, मध्ये जाड पारदर्शक प्लास्टिकची खिडकी ठेवली. कमानी आता आतून तिरप्या ठेवतो, टोकं बाहेर येत नाहीत. एखादी फारच लांब असली तर वेगळ्या टेम्पोने पाठवतो, भाडं गिऱ्हाइकाकडून घेतो. आणि पुढचा वाऱ्याचा झरोका थंडी असली तरी बोटभर उघडा ठेवतो, म्हणजे हवा पुढून आत येते, मागून ओढली जात नाही. पुन्हा धागे बांधले. मागच्या कडेचे नुसते लोंबत राहिले.

मैत्रिणींनो, डिझेलच्या धुराने कॅन्सर होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०१२ साली जाहीर केलंय. ती झाली वर्षानुवर्षांची गोष्ट. पण इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायूही असतो, पेट्रोलच्या गाडीत जास्त, डिझेलमध्ये कमी. त्याला ना रंग, ना वास. तो रक्तात प्राणवायूची जागा घेतो. डोकं दुखतं, चक्कर येते, मळमळतं, झोप येते, आणि फार झालं तर माणूस झोपेतच जातो. गाडी लागल्यावरही असंच होतं, म्हणूनच फसायला होतं. आता आम्ही एवढं बघतो: एकाच गाडीत एकाच जागी बसणाऱ्या बाईलाच त्रास होतो का? जागा बदलली तर दुसरीला होतो का? पडदे उघडले की बरं वाटतं का? तसं असेल तर लिंबू देऊ नका, गाडी थांबवा, खाली उतरा, सायलेन्सर बघा. कोणी बेशुद्ध पडलं तर आधी मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा. आणि शेडचं दार लावून आत इंजिन चालू ठेवायचं नाही, जीपचं नाही, पंपाचं नाही, जनरेटरचं तर नाहीच.

मागे पडदा बांधलेल्या पिकअपमधून तुमच्यातल्या कितीतरी जणी छाटणीला, काढणीला जातात हे आम्ही गिरणाऱ्याच्या नाक्यावर बघतो. मालाच्या गाडीतून माणसं नेणं कायद्याने चूक आहे, पण त्या पहाटे मजुरी सोडून तुम्ही काय करणार हेही आम्हाला कळतं. मागची कडा मुक्याने बसणाऱ्या बाईला मिळते, तिथेही आणि आमच्याकडेही. तेवढं तरी आळीपाळीने बसा. म्हणजे त्रास कुठे आहे, बाईत की गाडीत, ते चार दिवसांत कळेल.

वहिनींकडे आम्ही सगळ्या मिळून गेलो. काय बोलावं सुचेना. मग मोठ्या ताईंनी सरळ सांगितलं, वहिनी, आमचं चुकलं, तुम्हाला गाडी लागत नव्हती, धूर लागत होता. वहिनी म्हणाल्या, "मला वाटायचंच. लुगड्याला वास यायचा ना घरी गेल्यावर." आम्ही विचारलं, मग बोलला का नाहीत? त्यावर त्या काही बोलल्या नाहीत, चहा टाकायला उठल्या.

त्यांचा कापलेला वाटा द्यायचा की नाही यावर बैठकीत वाद झाला, तोही सांगतो. सव्वीस दिवसांचा वाटा होता. दोघींचं म्हणणं, काम केलं नाही त्याचे पैसे कसे, नियम तो नियम. बाकीच्या म्हणाल्या, नियम हजर न राहणारीसाठी होता, जिला आम्हीच बसू दिलं नाही तिच्यासाठी नव्हता. शेवटी गटाच्या शिल्लकीतून अर्धा वाटा दिला आणि वहीत लिहून ठेवला. अर्धाच का, हा प्रश्न अजून मिटलेला नाही. पुढच्या बैठकीत पुन्हा निघणार आहे.

यंदा पहिल्या थंडीत त्र्यंबकला निघालो तेव्हा वहिनींना पुढे बसा म्हटलं. त्या मागेच जाऊन बसल्या, आपल्या जुन्या जागी. म्हणाल्या, खिडकीतून मागे सरणारा रस्ता बघायला बरा वाटतो, आणि उतरताना सगळ्यांच्या आधी मोकळं होता येतं. महिरावणी गेलं, तळेगाव गेलं. अंजनेरीच्या पायथ्याशी आम्ही मागे वळून बघितलं तर वहिनी शेंगा सोलून खात होत्या.

कोणाला जाळीची मापं कशी घ्यायची ते प्रत्यक्ष बघायचं असेल तर सातपूरला या, टेप आमच्याकडे आहे. येताना आपल्या गाडीच्या सायलेन्सरपाशी एकदा पांढरं फडकं मात्र धरून बघा. नमस्कार.